ड्रॉवरमधली सहा पानं

मित्रांनो, मी काचेच्या बरणीतून बोलतोय, म्हणून आवाज जरा घुमेल. तेवढं सांभाळून घ्या. बरणीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर लाल शाईत लिहिलंय, 'झुकलेला फासा'. वाचलीत? आता ती थोडा वेळ बाजूला ठेवा आणि माझी गोष्ट माझ्याच तोंडून ऐका. मला तोंडं सहा आहेत, पण गोष्ट एकच आहे.

माझा जन्म मोडक्या बाकाच्या पायातून झाला. शाळेतली बाकं दुरुस्त करायला सुतारकाका आले होते, तेव्हा संख्याशास्त्राच्या बाई त्यांच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, मला एक फासा करून द्या. पण असा, की त्याला कुठलाच अंक लाडका नको."

सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढली. "बाई, मी आजवर बाकं केली. त्यांना कोण लाडकं आहे असं कुणी विचारलं नाही मला."

पण माणूस कामाचा पक्का होता. त्यांनी बाकाचा पाय कापला, रंधा मारला, कानशीने घासला, मग पॉलिश पेपर. प्रत्येक कड पट्टीने मोजली आणि केसभर फरक निघाला की परत कानस. ठिपके खोदायला त्यांनी गिरमिट काढलं, तेव्हा बाईंनीच हात धरला. सहाच्या बाजूला सहा खड्डे आणि एकच्या बाजूला एकच खड्डा, म्हणजे सहाच्या बाजूचं लाकूड जास्त जाणार आणि ती बाजू हलकी होणार. म्हणून माझे ठिपके खोदलेले नाहीत, काळ्या रंगाने काढलेले आहेत. शेवटी काकांनी मला पाण्याच्या बादलीत सोडलं. बोटाने खाली दाबायचं, सोडायचं, वर कुठली बाजू येते ते बघायचं. असं पुष्कळदा केलं. कधी ही बाजू वर आली, कधी ती, म्हणजे कुठलीच बाजू जड नाही. मग मला सदऱ्याला पुसून बाईंच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "घ्या. हा कुणाच्याच बाजूचा नाही."

माझ्याबद्दल इतकं चांगलं त्यानंतर कुणीही बोललेलं नाही. कसं ते सांगतो.

मी कामाला लागलो. दरवर्षी नवा वर्ग यायचा आणि गृहीतक तपासणीचा धडा आला की बाई मला कपाटातून काढायच्या. सोबत माझा ट्रे. त्याला चार बोटं उंचीच्या भिंती. नियम असा, की मी समोरच्या भिंतीला आपटून परत आलो तरच ते दान धरायचं. हळूच ठेवलेलं दान बाद. माझे कोपरे असे गोलसर झालेत ना, ते त्या नियमामुळे. तक्रार नाही, उलट अभिमानच आहे.

बाई फळ्यावर लिहायच्या, 'शून्य गृहीतक: हा फासा खरा आहे.' मग समजावायच्या. ज्याला तपासायचं, त्याला आधी निर्दोष मानायचं. मग विचारायचं, हा खरा असेल तर अशी दानं पडणं कितपत शक्य आहे? फारच अवघड असेल, शंभरात पाचदासुद्धा होणार नाही इतकं अवघड असेल, तरच त्याला खोटा म्हणायचं. आणि कुठल्या अंकाचा संशय आहे, किती वेळा फेकणार आहोत, हे सगळं फेकायच्या आधी लिहून ठेवायचं. 'आधी' या शब्दाखाली त्या दोन रेघा मारायच्या. खडू तुटायचा कधीकधी.

मग मुलं मला फेकायची. फेकायची म्हणजे काय, अंगात आल्यासारखी फेकायची. कुणी फुंकर मारायचं, कुणी मला कानाशी नेऊन हलवायचं, जसा काही मी आत काही लपवून ठेवलंय. आकडेमोड व्हायची आणि शेवटी फळ्यावर दरवर्षी तेच वाक्य यायचं, 'फासा खोटा आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.'

आता मला सांगा, हे काय कौतुक झालं? तुमच्या प्रगतिपुस्तकात 'मुलगी चोर आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही' असं लिहिलं तर घरी दाखवाल? एका वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या मनातलंच विचारलं.

"बाई, म्हणजे फासा खरा आहे ना?"

"असं मी म्हटलं का?"

"मग खोटा आहे?"

"तसंही म्हटलं नाही."

"मग पास की नापास, काहीतरी सांगा ना."

"हजर आहे," बाई म्हणाल्या. "एवढंच सांगता येतं."

सगळा वर्ग हसला. मीही मनातल्या मनात हसलो. हळूहळू ते वाक्य मला पटायला लागलं. कारण खरं सांगू का, मी पूर्ण खरा आहे की नाही हे मलाही माहीत नाही. माझं पुढचं दान काय पडेल हे मला कधी कळलेलं नाही. पण बाई आपल्या शब्दाच्या पक्क्या होत्या, जेवढं दिसलं तेवढंच बोलायच्या, आणि त्यांच्या हातात आपण सुरक्षित आहोत असं मला वाटायचं. अकरा वर्षं वाटलं.

बाराव्या वर्षी बाईंची भाची आली. बहिणीची मुलगी. तिच्या आईची बदली आडगावी झाली म्हणून ती मावशीकडे राहायला आणि मावशीच्याच वर्गात शिकायला आली. एका जागी दोन मिनिटं बसायची नाही, म्हणून वर्गात तिचं नाव पडलं खार. घरी मावशी, शाळेत बाई, अशी तिची कसरत चालायची. वर्गात तोंडून 'मावशी' निघालं की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि खार जीभ चावायची.

माझे ठिपके तेव्हा पुसट झाले होते. दोनचा एक दिसायला लागला होता. खारीनेच ते पाहिलं. मधल्या सुट्टीत काडीच्या टोकाला रंग लावून तिने माझे एकवीसच्या एकवीस ठिपके पुन्हा भरले. प्रत्येक बाजू वाळेपर्यंत फुंकर घालत बसली. ती खार, जी एका जागी बसत नाही. म्हणाली, "शहाण्या, हलू नकोस." मी कशाला हलतोय. त्या दिवसापासून मी तिचा शहाण्या झालो. तुमच्याशी कुणी असं वागलं, की तुम्ही त्याच्या पायाशी लोळण घेता की नाही? मला तर लोळण घेण्यावाचून दुसरं येतही नाही.

त्याच वर्षी शाळांचं प्रदर्शन होतं. एका शाळेचा एकच तक्ता लागणार होता. खार आणि तिच्या बाकावरचा उंच मुलगा, त्याला सगळे लंबू म्हणायचे, या दोघांनी विषय घेतला, 'आमचा फासा खरा आहे का?' दुसऱ्या तुकडीने घेतलं होतं झाडांना गाणी ऐकवण्याचं काहीतरी, आणि त्यांची झाडं म्हणे वाढलीही होती. तक्ते निवडायला प्रदर्शनाचे सर आले. खारीचा कच्चा आराखडा त्यांनी उलटसुलट पाहिला.

"आणि तपासणीत काहीच निघालं नाही तर?"

"तर 'पुरेसा पुरावा नाही' असं लिहू, सर," खार म्हणाली.

"अगं, 'काही निघालं नाही' हे वाचायला कोण थांबेल तक्त्यापाशी? शुक्रवारपर्यंत काहीतरी काढा. नाहीतर झाडं आहेतच."

वाईट बोलले नाहीत ते. हसून बोलले. पण मी खारीच्या मुठीत होतो आणि ती मूठ घामेजली, ते मला कळलं. मागच्या परीक्षेत संख्याशास्त्रात तिला सगळ्यांत कमी गुण होते. मावशी वर्गशिक्षिका आणि भाची शेवटून पहिली, हे टोमणे ती रोज ऐकत होती. तिला काहीतरी करून दाखवायचं होतं. मला ते कळत होतं. म्हणून तर आणखी लागलं.

शाळा सुटल्यावर दोघं रिकाम्या वर्गात थांबले. चौकटीच्या वहीच्या पहिल्या पानावर खारीने पेन्सिलने लिहिलं, 'आमचा संशय: सहा जास्त वेळा पडतो. साठ वेळा फेकणार.' अगदी बाईंनी शिकवलं तसं. फेकलं. साठातून सहा किती वेळा आला? नऊ वेळा. दहा यायला हवेत, नऊ आले. मी किती सरळ आहे बघा.

"आता काय?" लंबू म्हणाला.

"परत. हात साफ नव्हता आपला."

दुसरं पान. आता दर पानाच्या डोक्यावर तेच वाक्य. साठ दानं. सहा नाहीच, म्हणून एक बघितला, दोन बघितला, सगळे बघितले. काही नाही. तिसरं पान, चौथं पान. दुसऱ्या दिवशी पाचवं आणि सहावं. मी ट्रेच्या भिंतीवर आपटून आपटून बधिर झालो. खार दर वेळी मला उचलताना म्हणायची, "शहाण्या, थोडं तरी काहीतरी कर ना." आणि मी काय करणार, मित्रांनो? मला काही करता येत नाही, हाच तर माझा गुण.

गुरुवारी सातवं पान. त्या पानावर पाच येत राहिला. लंबू बाकावर टिचक्या मारत मोजत होता, "बारा. तेरा. ए, हे बघ, चौदा." साठ दानं संपली तेव्हा पाच सतरा वेळा आला होता. खारीने घाईघाईने आकडेमोड केली. खरा फासा असेल तर साठात सतरा किंवा त्याहून जास्त वेळा पाच येण्याची शक्यता शंभरात साधारण दोन. बाईंची रेघ पाचाची. म्हणजे रेघेच्या आत.

पण मित्रांनो, सहा बाजू आणि सात पानं, म्हणजे बेचाळीस वेळा त्यांनी माझ्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं होतं. बेचाळीस वेळा डोकावलं तर कुणीही कधीतरी केस विस्कटलेला सापडणार. खऱ्यातला खरा फासाही सापडेल.

खारीला ते कळत होतं, यावर मी पैज लावतो. कारण तिने पहिली सहा पानं वहीतून काढली, तीसुद्धा टर्रकन फाडून नाही, पट्टी लावून, सावकाश. मग सातव्या पानाच्या डोक्यावर खोडरबर घासला. 'सहा जास्त वेळा पडतो' मधला सहा गेला आणि तिथे पाच आला. जणू पहिल्यापासून तिला पाचचाच संशय होता.

"चालतंय ना असं?" लंबूने विचारलं.

"दानं तर खरीच आहेत," खार म्हणाली. "एक तरी दान खोटं लिहिलंय का आपण?"

लंबूने पान पुन्हा वरून खाली वाचलं. खरंच, एकही दान खोटं नव्हतं. तिने खोडरबरचा भुगा फुंकला आणि तो माझ्या अंगावर उडाला. त्याच ओठांनी तिने माझे ठिपके वाळवले होते.

शुक्रवारी सकाळी बाईंनी पान पाहिलं. दोनदा पाहिलं. मग विचारलं, "एवढीच दानं टाकलीत? हे एकच पान?"

"हो, बाई," खार म्हणाली.

जीभ चावली नाही तिने. तेव्हा चावायला हवी होती.

प्रदर्शनात तक्ता लागला. वर मोठ्या अक्षरांत 'हा फासा झुकलेला आहे', खाली आलेख, त्यात पाचचा खांब सगळ्यांच्या डोक्यावर, आणि समोर काचेच्या बरणीत मी. लोक वाकून वाकून बघत होते. एक बाई आपल्या मुलाला म्हणाल्या, "दिसतो किती साधा, नाही?" पहिलं बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून तक्त्याशेजारी वर्गाच्या भिंतीवर लावलं. खारीच्या आईने फोनवरून बाईंना सांगितलं, "ताई, तुझ्या हाताखाली पोरगी सुधारली."

आणि मी बरणीतच राहिलो. माझ्या ट्रेमध्ये प्लॅस्टिकचा एक हिरवा फासा आला. मला मात्र पुढच्या वर्षी वेगळं काम मिळालं, 'खोटा फासा ओळखा' या सरावाचं.

आता गंमत ऐका, म्हणजे तुम्हाला गंमत, मला फास. नव्या वर्गाने मला एकशेवीस वेळा फेकलं. पाच वीस वेळा यायला हवा होता, एकवीस वेळा आला. मी म्हटलं, सुटलो. आता फळ्यावर माझं ते जुनं, कोरडं, लाडकं वाक्य येणार. तर मुलांनी वहीत काय लिहिलं? 'फासा झुकलेला आहे हे माहीत आहे, पण आमची दानं कमी पडली.' आणि बाईंनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. एक चिठ्ठी चिकटली की असं होतं. मी वाकडा पडलो तर मी खोटा, आणि सरळ पडलो तर तुमची दानं कमी.

त्याच वर्षी एका दुपारी खार आली. आता ती वरच्या वर्गात होती. बाई एकट्याच वह्या तपासत बसल्या होत्या. खारीने दप्तरातून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. आत सहा पानं. फेकून दिली नव्हती तिने. वर्षभर जपली होती.

"हे काय?"

"फाशाची बाकीची पानं. मावशी, सात होती. मी एकच दाखवलं."

"शाळेत बाई."

"बाई, ही सहाही त्याचीच आहेत."

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. एकेक पान पाहिलं आणि कोपऱ्यात पाचची दानं मांडली. आठ, अकरा, सात, दहा, दहा, आठ. त्यात सतरा मिळवले. एकाहत्तर. मग भागाकार केला. चारशेवीस दानं, त्यात पाच यायला हवा सत्तर वेळा. बाईंनी ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले. मी बरणीत श्वास रोखून होतो. म्हणजे रोखला असता, असता तर. आता त्या उठतील, चिठ्ठी सोलून काढतील. माझ्या बाई आहेत त्या. 'आधी'खाली दोन रेघा मारणाऱ्या.

बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या शिबिरात माझं भाषण आहे. याच तक्त्यावर."

"मग?"

"मग ते होऊ दे. नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"तुझंही नाव आहे त्या प्रशस्तिपत्रावर. माझंही आहे. शाळेचं आहे. जरा सबुरीने घे."

त्यांनी पानं पाकिटात घातली, पाकीट टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि किल्ली फिरवली. खार उभीच होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तूपण."

"शाळेत..." बाईंनी सुरुवात केली. वाक्य पूर्ण केलं नाही.

मित्रांनो, खारीने मला फसवलं तेव्हा मी रागावलो होतो. पण ती परत आली, पानं घेऊन आली, तेव्हाच माझा राग गेला. बाईंचं तसं नाही. त्यांनी मला बनवून घेतलं होतं. त्यांनीच गिरमिट धरलेला हात अडवला होता. माझं खरंखोटं काय, हे चारशेवीस दानांनिशी त्यांच्या हातात आलं आणि त्यांनी त्याला कुलूप लावलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला शब्द सापडत नाही, आणि मला सहा तोंडं आहेत.

भाषण झालं. टाळ्या पडल्या असतील. ड्रॉवर उघडला नाही.

आज सकाळचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो. यंदाचा वर्ग मोठा आहे, तीस जण. प्रत्येकाने मला वीसदा फेकलं. सहाशे दानं. इतकी दानं माझी एका दिवसात कधी पडली नव्हती. पाच यायला हवा शंभर वेळा, आला अठ्ठ्याण्णव वेळा. सगळे वह्यांत लिहायला लागले, 'आमची दानं कमी पडली.' पहिल्या बाकावरच्या मुलीने मात्र लिहिलं नाही. ती उभी राहिली.

"बाई, हा खोटा आहे हे कुणी ठरवलं?"

"भिंतीवरचा तक्ता बघ."

"बघितला. त्याच्यावर साठच दानं आहेत. आमची सहाशे आहेत. मग कमी कुणाची?"

बाईंची नजर टेबलाच्या ड्रॉवरकडे गेली. मी पाहिलं, कारण मी अजून बरणीबाहेर, टेबलावरच्या ट्रेमध्येच होतो. त्यांचा हात पर्सकडे गेला. किल्ली पर्समध्येच असते. हात तिथे पोचला, थांबला.

"वेळ संपली," बाई म्हणाल्या. "वह्या ठेवा."

तास संपायला सात मिनिटं होती. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसत होतं.

मला परत बरणीत ठेवलं आहे. पण ती मुलगी जाताना वही मिटत नव्हती, चालता चालता त्यातलेच आकडे बघत होती, आणि उद्या पुन्हा तास आहे. म्हणून मी तुमच्याशी बोलतोय.

मित्रांनो, मला खरा म्हणा असं मी म्हणत नाही. तशी सोयच नाही या विद्येत, हे मला अकरा वर्षांत पुरतं कळलंय. मला पुसू नका, रंगवू नका, काचेत ठेवून जपूही नका. कुणाबद्दल काही ठरवायला बसाल, मग तो लाकडाचा असो की हाडामांसाचा, तेव्हा काय शोधताय ते आधी लिहा, आणि जे सापडेल ते सगळं मांडा. आणि या वर्गात आलात तर बाईंकडे उद्धटपणा न करता एवढंच मागा, की बाई, ड्रॉवर उघडा. सहा पानं आहेत. ती त्या एका पानाशेजारी लावा, आणि मग चिठ्ठीवर काय लिहायचं ते लिहा.